पानथरीपासून थॅलेसेमियापर्यंत

थॅलेसेमिया मेजर घेऊन आलेले मूल जन्मतः इतर बाळांसारखेच असते. वजन ठीक, रडणे खणखणीत, बारशाला आलेल्या पाहुण्यांनी कौतुक करावे असे बाळसे. पोटात असताना आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन करते. सहाव्या महिन्याच्या आसपास ते ओसरते आणि त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. या मुलांत ते पुरेसे तयारच होत नाही, कारण त्यातली बीटा साखळी घडवणारे जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष आलेले असते. मग मूल फिकट पडू लागते, किरकिर करते, दूध नीट घेत नाही. सर्दी-ताप येतो, औषधाने उतरतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा येतो. वजन अडते, पोट पुढे येते, डोळे पिवळसर दिसतात. दर वेळी त्या दुखण्याला नवे नाव मिळते आणि ही सगळी दुखणी एकाच आजाराची आहेत हे लक्षात यायला महिने, कधी वर्षे जातात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात या निदानाला स्वतःचा असा इतिहास आहे. फाळणीनंतर इथे वसलेली सिंधी वस्ती, त्यानंतर काही वर्षांतच उभा राहिलेला पेनिसिलिनचा कारखाना, उशिरा आलेली मोठी रुग्णालये आणि देशभरातून येत राहिलेले कामगार या सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

जुनी नावे

शहर होण्याआधी हवेली, मावळ आणि खेड तालुक्यांतल्या या गावांत वारंवार आजारी पडणाऱ्या तान्ह्या मुलासाठी बरीच नावे होती. पहिला संशय दृष्टीचा. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुलावरून ओवाळून चुलीत टाकायच्या; मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट कडक होती असे मानायचे. पाचवीच्या पूजेत काही कमी राहिले असेल तर सटवाईचा कोप. मूल वाळत चालले तर मुडदूस. डोळे पिवळे दिसले तर कावीळ, आणि ती उतरवणाऱ्याकडे खेप. डाव्या बरगडीखाली हाताला टणक गोळा लागला तर पानथरी वाढली.

यातली शेवटची तीन नावे कल्पनेतून आलेली नव्हती. आई, आजी आणि सुईण यांच्या डोळ्यांनी आणि बोटांनी टिपलेली ती खरी लक्षणे होती. पानथरी म्हणजे प्लीहा. थॅलेसेमियात सदोष तांबड्या पेशी तिथे सतत नष्ट होत राहतात, म्हणून ती फुगते. पेशी फुटून निघालेल्या द्रव्याने डोळ्यांत पिवळेपणा येतो. रक्त कमी पडल्याने वाढ खुंटते. मुडदूस, कावीळ आणि पानथरी हे तीन वेगळे आजार नसून एकाच आजाराची तीन टोके असू शकतात, हे सांगण्याचे साधन मात्र घरच्यांजवळही नव्हते आणि वैद्याजवळही नव्हते.

न बोलणाऱ्या रुग्णाचे दुखणे ओळखण्याचा विचार आयुर्वेदाने फार पूर्वी केला होता. बालरोगांना वाहिलेल्या काश्यपसंहितेतला वेदनाध्याय याच प्रश्नाचा आहे. मूल डोके सारखे हलवते का, डोळे मिटून घेते का, हात वारंवार कुठे नेते यावरून दुखणे कुठे आहे ते ठरवावे, अशी त्याची रीत आहे. नेपाळमध्ये सापडलेल्या ताडपत्रांवरून हा ग्रंथ १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. त्याच वर्षी कलकत्त्यात एका मुलाच्या रक्तक्षयाचे वर्णन प्रसिद्ध झाले. थॅलेसेमियाचा भारतातला पहिला नोंदलेला रुग्ण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

हिवतापाची सावली

ब्रिटिश काळातल्या डॉक्टरांनाही वाढलेली प्लीहा दिसत होती, पण ते ती हिवतापाच्या खात्यात जमा करत. एखाद्या गावात हिवताप किती आहे हे ठरवण्याची रूढ पद्धतच मुळी तशी होती. दोन ते दहा वर्षांच्या मुलांना रांगेत उभे करायचे, पोट चाचपायचे आणि शंभरात किती जणांची प्लीहा वाढली आहे ते मोजायचे. अशा मोजणीत थॅलेसेमियाचे एखादे मूल हिवतापाचेच धरले जाणार, आणि क्विनीन देऊनही बरे होत नाही म्हटल्यावर त्याचे नाव चिवट हिवतापात जाणार.

या गफलतीत एक विलक्षण योगायोग दडला होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस असा तर्क मांडला, की थॅलेसेमियाचे एकच सदोष जनुक असलेल्या माणसाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळत असावे आणि म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत ते जनुक टिकून राहिले. पुढच्या संशोधनाने या तर्काला बळ दिले. डॉक्टरांनी ज्या दोन आजारांची गल्लत केली, त्यांचे नाते खरेच जुने होते.

या आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती अमेरिकेत. डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये काही मुलांचे एकत्र वर्णन केले. तीव्र रक्तक्षय, वाढलेली प्लीहा आणि चेहऱ्याच्या हाडांची विशिष्ट ठेवण या गोष्टी त्या सर्वांत सारख्या होत्या. सुरुवातीचे बरेच रुग्ण इटालियन आणि ग्रीक घरांतले निघाल्याने १९३२ मध्ये ग्रीक भाषेतल्या समुद्रवाचक शब्दावरून ‘थॅलेसेमिया’ हे नाव रूढ झाले. नावाने एक गैरसमजही रुजवला. हा भूमध्य समुद्राकाठचा आजार आहे अशी समजूत झाली आणि दक्षिण आशियातल्या मुलात तो शोधावा हे पुष्कळांच्या मनातच येईना.

छावणी आणि कारखाना

१९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. कल्याणजवळच्या छावणीचे उल्हासनगर झाले. पुण्याजवळची छावणी पिंपरी कॅम्प या नावाने आजही ओळखली जाते. पुणे-मुंबई रस्त्यालगतच्या या वस्तीने काही वर्षांत मोठी बाजारपेठ उभी केली. या कुटुंबांबरोबर सिंधी आणि लोहाणा समाजांत विशेष आढळणारा एक जनुकीय बदलही आला होता. त्यात बीटा जनुकाचा ६१९ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. सदोष जनुक एकच असेल तर माणूस निरोगी असतो. फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी भरते. असे वाहक भारतात सरासरी शंभरात तीन ते चार आहेत. सिंधी, पंजाबी, गुजराती आणि बंगाली समाजांतल्या काही गटांत हे प्रमाण बरेच जास्त आहे. नाती समाजातच जुळवण्याची रीत असली, की दोन वाहक एकमेकांचे जोडीदार होण्याची शक्यता वाढते. मराठी समाजातही वाहक आहेत, त्यामुळे हा कोणा एका जातीचा किंवा प्रांताचा आजार नाही.

याच पिंपरीत मार्च १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभारलेल्या तिच्या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला हा पहिला औषध कारखाना. पुढे त्यात स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. न्यूमोनियासारख्या आजारांत दगावणारी मुले या औषधांनी वाचू लागली.

निदानाच्या दृष्टीने मात्र या औषधांची दुसरी बाजूही होती. रक्त कमी असलेल्या मुलाला जंतुसंसर्ग लवकर गाठतो. इंजेक्शन दिले की ताप उतरतो, घर निश्चिंत होते आणि डॉक्टरांच्या लेखी प्रकरण संपते. पुढच्या महिन्यात पुन्हा ताप आला की पुन्हा तेच. प्रत्येक उपचार आपापल्या जागी बरोबर असतो आणि नेमक्या त्या यशामुळे ‘हे मूल सारखे का आजारी पडते?’ हा प्रश्न मागे पडतो. फिकटपणासाठी लोहाचे टॉनिक दिले जाते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. इतकी मुले फिकट असतील तर एकाचा फिकटपणा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. लोहाची कमतरता असलेले मूल टॉनिकने सुधारते. थॅलेसेमियाचे सुधारत नाही, उलट त्याच्या शरीरात आधीच जास्त शोषल्या जाणाऱ्या लोहात भर पडते. ‘टॉनिक देऊनही रक्त वाढत नाही’ ही आईची तक्रार बहुधा निदानाकडे नेणारा पहिला खरा धागा ठरते.

परीक्षानळी आणि काळी रेघ

निदान पक्के होण्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणे गरजेचे होते. थॅलेसेमिया मेजरमध्ये गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन ओसरायच्या वयानंतरही भरपूर राहते, हे १९४०च्या दशकात कळले. वाहकांत ए-टू नावाचे हिमोग्लोबिन वाढलेले असते, हे १९५५ मध्ये स्पष्ट झाले. नेहमीची सीमारेषा साडेतीन टक्क्यांची धरतात. या शोधामुळे आजारी मुलाबरोबर त्याच्या निरोगी आईवडिलांचेही निदान करता येऊ लागले.

महाराष्ट्रात या कामाचे केंद्र मुंबई होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९५७ मध्ये तिथे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था त्यातूनच घडली. हिमोग्लोबिनच्या विकारांचे पश्चिम भारतातले बरेच संशोधन इथे झाले. पण विद्युतप्रवाहाने हिमोग्लोबिन वेगळे करणारी यंत्रे मोजक्या ठिकाणी होती. वस्तीवस्तीत जाऊन हजारो लोकांची तपासणी त्यांवर होणे शक्य नव्हते.

त्यावर तोडगा निघाला तो अगदी साधा. एका परीक्षानळीची ही पद्धत ग्रीसमध्ये वापरात आली होती; मुंबईच्या डॉ. बी. सी. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लोकसंख्येच्या पाहणीसाठी तिचे सोपे रूप मांडले. ‘नेस्ट्रॉफ्ट’ या नावाने ती ओळखली जाते. नळीत ०.३६ टक्के मिठाचे द्रावण घ्यायचे, त्यात रक्ताचा लहानसा थेंब सोडायचा, अर्धा तास थांबायचे. मग नळीमागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरायचा. सामान्य माणसाच्या तांबड्या पेशी या पातळ द्रावणात फुगून फुटतात, द्रावण नितळ लाल होते आणि रेघ स्पष्ट दिसते. वाहकाच्या पेशी लहान आणि चपट्या असल्याने फुटत नाहीत. द्रावण गढूळ राहते आणि रेघ दिसेनाशी होते. लोहाच्या कमतरतेतही कधी असेच होते, म्हणून ही चाळणी आहे, निदान नव्हे. पण वीज, यंत्र किंवा मोठा खर्च यांपैकी काही न लागता समाजमंदिराच्या ओसरीवर ही तपासणी होऊ शकते. पुढे स्वयंचलित रक्तगणना आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी यंत्रे आली आणि चाळणी व खातरजमा एकाच नमुन्यावर होऊ लागली.

यंत्र आल्यावरही एक अडचण राहिली. हिमोग्लोबिन तीन-चारवर उतरलेले मूल रुग्णालयात आले, की जीव वाचवण्यासाठी तातडीने रक्त चढवावे लागते. एकदा दात्याचे रक्त अंगात मिसळले, की पुढचे सुमारे तीन महिने हिमोग्लोबिनची तपासणी भरवशाची राहत नाही. म्हणून रक्त चढवण्याआधी नमुना काढून ठेवण्याचा आग्रह जाणकार डॉक्टर धरतात. तो राहून गेला तर आईवडिलांचे रक्त तपासतात. दोघेही वाहक निघाले की मुलाच्या निदानाची दिशा स्पष्ट होते.

पुण्याची वाट

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती, टेल्को आणि बजाज ऑटो यांच्यामुळे लोकसंख्या झपाट्याने वाढली. रुग्णालये त्या वेगाने वाढली नाहीत. गल्लीतला डॉक्टर तापाला पुरेसा होता. निदान न लागणाऱ्या मुलाला मात्र पुण्यातले ससून किंवा रास्ता पेठेतले केईएम रुग्णालय गाठावे लागे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली, तरी अशी खेप म्हणजे कामगाराचा एक खाडा आणि रांगेतला एक दिवस. दोन-तीन खेपांत ताप उतरला, की पुढची तारीख चुकायची.

संत तुकारामनगरात यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय १९८९ मध्ये सुरू झाले. साडेसातशे खाटांच्या या पालिका रुग्णालयामुळे बालरोग विभाग आणि रक्तपेढी शहरातच मिळाली. १९९६ मध्ये पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एकाच मुलाला एकाच विभागात वर्षभर पाहणारे डॉक्टर जवळ आले आणि सुटे सुटे आजार एका केसपेपरवर दिसू लागले.

निदानानंतर

निदान झाले की घराचे वेळापत्रकच बदलते. मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही आयुष्यभर. कारखान्यांतली रक्तदान शिबिरे या पट्ट्यातल्या रक्तपेढ्यांना मोठा हात देतात. मे महिन्यात आणि दिवाळीत दाते गावी गेले की टंचाई जाणवते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींत ते साचत जाते. ते काढणारे डेफेरोक्झामिन हे औषध पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून रात्रभर पंपाने द्यावे लागे. ते महागही होते. तोंडाने घ्यायच्या डेफेरिप्रोनला १९९०च्या दशकाच्या मध्यात जगात सर्वप्रथम भारतात परवानगी मिळाली. मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते बाजारात आणले. रोज रात्री सुई टोचण्याची गरज बऱ्याच घरांतून संपली. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा बरे करणारा उपाय. भारतात थॅलेसेमियासाठी तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९८६ मध्ये झाला. त्यासाठी जुळणारा दाता, बहुधा सख्खे भावंड, आणि मोठा खर्च लागतो.

निदानाचा दुसरा परिणाम नात्यांवर होतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा याचा अर्थ होत नाही. मूल सारखे आजारी पडले की बोट सुनेकडे दाखवण्याची घरोघरची सवय या हिशेबापुढे टिकत नाही, कारण अर्धा वाटा वडिलांचा असल्याशिवाय थॅलेसेमिया मेजर होतच नाही.

चाकणचा नवा टप्पा

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वाहन उद्योग चाकणकडे सरकला. संग्रामदुर्ग आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव बजाज, फोक्सवॅगन, महिंद्रा आणि मर्सिडीझ-बेंझ यांच्या कारखान्यांचे नाव झाले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, ओडिशा आणि छत्तीसगडमधून कामगार आले आणि निदानाचा प्रश्नही रुंदावला. मध्य भारतात सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याची नोंद १९५८ मध्येच केली होती. सिकलसेलच्या तान्ह्या मुलाचे हातपाय अचानक सुजतात, ते कळवळून रडते आणि काही दिवसांनी सूज ओसरते. मुरगळ, संधिवात, कीटकदंश अशी नावे त्याला मिळत राहतात. विदर्भातल्या आरोग्यसेविकेला जे लक्षण चटकन ओळखू येते, ते चाकणच्या दवाखान्यात नवखे ठरू शकते.

कंत्राटी कामगाराचे घर ठेक्याबरोबर हलते. मुलाचे पहिले आजारपण गावाकडे, दुसरे भोसरीत, तिसरे महाळुंग्यात. तिन्हीकडे वेगळी चिठ्ठी, आणि खोली बदलताना त्यातली एकही सोबत येईल याची खात्री नाही. कामगार विमाधारक असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेतून घरच्यांनाही उपचार मिळतात. ठेका तुटला की तो धागाही सुटू शकतो. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही उणीव काही अंशी भरून काढतो. त्याची पथके अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करतात. मूल अंगणवाडीच्या पटावर असेल तरच मात्र ते या पथकासमोर येते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. प्रतिबंधाच्या बाबतीत सायप्रसचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे १९७०च्या दशकापासून वाहक शोधण्याची मोहीम चालली, लग्नाआधी तपासणीचा दाखला मागितला जाऊ लागला आणि काही वर्षांत आजारी बाळे जन्मण्याचे प्रमाण जवळपास शून्यावर आले. भारतात मुख्य भर गर्भवतीच्या तपासणीवर आहे. पहिल्या तीन महिन्यांत तिचे रक्त तपासायचे, ती वाहक निघाली तर पतीचे, आणि दोघेही वाहक असतील तर वारेचा अंश घेऊन गर्भाचे. गर्भ बाधित असल्यास पुढचा निर्णय १९७१ च्या गर्भपात कायद्याच्या चौकटीत त्या जोडप्याने घ्यायचा असतो.

ज्या घरात मुलाचे निदान झालेले असते, तिथे ही साखळी उलट दिशेने चालते. आधी भावंडांची तपासणी होते, मग मावशी, मामा, काका आणि आत्या यांची, आणि त्यांच्यात लग्नाचे कोणी असेल तर आधी त्यांची.